कणकेचा लादी पाव मऊ का होत नाही, आणि कसा होतो

२०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं आणि पाव हा विषय एकदम घराघरात आला. भट्टीचा पाव राहणार का, महाग होणार का, चव बदलेल का, आणि त्याच ओघात मग घरीच करता येईल का, आणि घरीच करायचा तर मैद्याचा कशाला, कणकेचाच करू की. इथपर्यंत सगळं ठीक असतं. मग मोबाईलवर एखादी डिनर रोलची रेसिपी सापडते, मैद्याच्या जागी तेवढीच कणीक घातली जाते, बाकी सगळं जसंच्या तसं, आणि ओव्हनमधून जे निघतं ते हातात घेतलं की वजन जाणवतं, वरून कडक, आतून दाट, आणि दुसऱ्या दिवशी नुसता भुगा. मग ठरूनच जातं की कणकेचा पाव काही मऊ होत नाही.

होतो. पूर्ण कणकेचा, चमचाभरसुद्धा मैदा न घालता, बोटाने दाबला की परत वर येणारा. पण मैद्याची रेसिपी कणकेला लावली की हमखास बिघडतो, कारण कणकेला पाणी जास्त लागतं आणि ते पाणी प्यायला वेळही जास्त लागतो. सगळा मुद्दा एवढाच आहे. पण तो नीट कळला तर रेसिपी पाठ करावी लागत नाही, म्हणून आधी का ते सांगते आणि मग कसं.

गव्हाच्या दाण्यात काय असतं

बाहेरचं साल म्हणजे कोंडा, एका टोकाला बारीकसा अंकुर आणि बाकी सगळा पांढरा गर. वजनाने बघितलं तर गर साधारण ८३ टक्के, कोंडा १४-१५ टक्के आणि अंकुर जेमतेम अडीच टक्के. मैदा म्हणजे नुसता गर, दळून आणि पुन्हा पुन्हा चाळून घेतलेला. कणकेत तिन्ही असतात. म्हणजे कणकेत मैदा आहेच, वर कोंडा आणि अंकुर आहे, आणि पावाच्या बाबतीतली सगळी भानगड त्या वरच्या सतरा टक्क्यांची आहे.

मऊपणा म्हणजे धरून ठेवलेला वायू

पाव मधोमध तोडून जरा उजेडात धरा. आत बारीक बारीक पोकळ्या दिसतील आणि प्रत्येक पोकळीभोवती अगदी पातळ पडदा. हे पडदे होतात ग्लुटेनचे. पिठात पाणी पडलं की गव्हातली दोन प्रथिनं एकमेकांना धरतात आणि ताणली तरी न तुटणारी एक जाळी तयार होते, तिला ग्लुटेन म्हणायचं. यीस्ट पिठातली साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो वायू या पडद्यांत अडकतो, पीठ फुगतं, ओव्हनमध्ये गेल्यावर तो गरम होऊन अजून पसरतो आणि मग उष्णतेने पडदे आहेत तसे घट्ट होतात. पडदे चांगले तर पाव हलका, पडदे फाटके तर वायू निसटला आणि पाव बसला.

आता यात कोंडा काय करतो. एक तर त्याचे कण कडेला धारदार असतात, मळताना आणि फुगताना ते पडदे कापतात. दुसरं, कोंडा असल्यामुळे तेवढ्याच वजनात गर कमी, म्हणजे जाळी मुळात कमी. आणि तिसरं, जे लोकांच्या लक्षातच येत नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोठं आहे, ते म्हणजे कोंडा पाणी भरपूर पितो पण सावकाश पितो. तुम्ही पीठ भिजवता तेव्हा हाताला ते अगदी बरोबर लागतं, छान, चिकटत नाहीये. अर्ध्या तासाने तेच पीठ आवळलेलं असतं, कारण तेवढ्या वेळात कोंड्याने ग्लुटेनच्या वाट्याचं पाणी ओढून घेतलेलं असतं. आणि हे ओव्हनमध्ये जाईपर्यंत चालूच राहतं. म्हणून जे पीठ भिजवताना "परफेक्ट" वाटलं त्याचा पाव कोरडा होतो, आणि जे भिजवताना फार सैल वाटलं, हे कसं वळणार आता असं वाटलं, त्याचा मऊ होतो.

परदेशी रेसिपी आपल्या कणकेला का चालत नाही

याला अजून एक कारण आहे आणि ते आपल्या चक्कीत आहे. चक्कीच्या दगडांमध्ये गहू दाबला जातो, घासला जातो, पीठ गरम होतं (गिरणीतून आणलेला डबा हाताला गरम लागतो तो त्यामुळेच) आणि त्यात गव्हाच्या स्टार्चचे कण बऱ्याच प्रमाणात फुटतात. फुटलेला स्टार्च अखंड स्टार्चपेक्षा खूप जास्त पाणी धरतो. पोळीसाठी हे उत्तमच आहे, पोळी मऊ राहते, फुगते, डब्यात दुपारपर्यंत चांगली लागते. पण पावाच्या बाबतीत याचा अर्थ असा की मैद्याच्या रेसिपीत १०० ग्रॅम पिठाला ६०-६५ ग्रॅम पाणी असेल तर आपल्या चक्कीच्या कणकेला ७५ ते ८५ ग्रॅमपर्यंत लागू शकतं. नेमका आकडा गव्हावर, दळण किती बारीक त्यावर, अगदी पावसाळा आहे की उन्हाळा त्यावरही अवलंबून आहे, त्यामुळे शेवटचे दोन-तीन चमचे हाताच्या अंदाजानेच घालायचे.

पाकिटावर प्रोटीन ११-१२ टक्के लिहिलेलं असतं आणि ते वाचून काहींना वाटतं की मैद्यापेक्षा प्रोटीन जास्त म्हणजे ग्लुटेनही जास्त. तसं नाही. त्यातलं काही प्रोटीन कोंड्यातलं आणि अंकुरातलं असतं आणि त्याची जाळी होत नाही.

पुरणपोळीची कणीक ज्याला जमते त्याला हे जमतं

पुरणपोळीची कणीक आठवा. साध्या पोळीपेक्षा किती सैल असते ती. भिजवायची, तेल लावून तिंबायची, मग दोन-तीन तास झाकून मुरत ठेवायची, परत तेलाचा हात लावून मळायची, आणि मग तिची तार सुटते, पुरणाभोवती ओढली तरी फाटत नाही. या प्रत्येक पायरीला शास्त्र आहे. सैल ठेवली म्हणजे कोंड्याला पिऊन झाल्यावरही ग्लुटेनला पाणी उरलं. मुरत ठेवली म्हणजे न मळता जाळी आपोआप तयार झाली, कारण ग्लुटेन व्हायला पाणी आणि वेळ एवढं पुरतं, मळल्याने ते फक्त लवकर आणि एका रांगेत होतं. आणि मुरल्यावर कोंडा नरम पडला, त्याच्या कडा बोथट झाल्या, तो कापेनासा झाला.

बेकिंगवाले लोक याला मोठं नाव देतात आणि फार काहीतरी नवीन असल्यासारखं शिकवतात, पण आपल्याकडे सणाच्या सकाळी हेच चालू असतं. तर कणकेच्या पावाचं पीठ हाताला पुरणपोळीच्या कणकेसारखं लागलं पाहिजे, पोळीच्या कणकेसारखं नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं काम झालं.

आणि उकडसुद्धा

मोदकाला आपण तांदळाच्या पिठाची उकड काढतो. पीठ गरम पाण्यात शिजलं की त्यातला स्टार्च साधारण ६०-६५ अंशांना फुगायला लागतो, भरपूर पाणी आत घेतो आणि मग ते पाणी सहज सोडत नाही. म्हणून उकड मऊ आणि वळता येण्यासारखी असते, कच्च्या पिठात तेवढंच पाणी घातलं तर नुसतं पातळ होईल.

हेच पावात करायचं. सगळ्या पिठातला थोडासा भाग आधी पाण्यात शिजवून त्याची पेस्ट करायची आणि ती गार करून बाकीच्या पिठात मिसळायची. त्यामुळे पिठात पाणी खूप जास्त मावतं पण हाताला ते तितकं चिकट होत नाही, आणि भाजल्यावर ते पाणी पावात टिकतं, पाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. जपान, चीन, तैवानकडचे जे कापसासारखे ब्रेड असतात त्यात ही पद्धत सर्रास वापरतात, आणि कणकेला तर ती मैद्यापेक्षाही जास्त उपयोगी पडते.

यात माझी एक आवडती गोष्ट आहे ती सांगतेच. कणीक मैद्याच्या बारीक चाळणीने चाळून घ्यायची, वर जो कोंडा राहील तो टाकायचा नाही, त्याचीच उकड करायची. म्हणजे ज्या कोंड्यामुळे पडदे फाटतात तोच आधी शिजून मऊ होतो, पाणी पिऊन बसतो, आणि मग पिठात गेल्यावर निमूट राहतो. पाव पूर्ण कणकेचाच राहतो, काहीही कमी केलेलं नसतं, फक्त क्रम बदललेला असतो. कोंडा शिजताना बघा, आधी पाण्यावर तरंगतो, मग हळूहळू फुगून तपकिरी खिरीसारखं होतं आणि डावाने तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहते. रेघ राहायला लागली की गॅस बंद.

प्रमाण

हे बारा पावांच्या एका लादीचं आहे, ९ इंची चौकोनी टिनमधे बसतं. शक्यतो वजनकाटा वापरा, कारण वाटीने मोजलेली कणीक दाबून भरली की सैल भरली यावर बराच फरक पडतो, आणि साधा डिजिटल काटा ओव्हनच्या मानाने फारच स्वस्तात येतो.

एकूण कणीक ४०० ग्रॅम. ती चाळून वर राहिलेला कोंडा आणि त्यात थोडी कणीक घालून ४० ग्रॅम करा (पाकिटातली कणीक बारीक असते, कोंडा फार निघत नाही, तर सरळ कणीकच जास्त घ्या). त्यात १६० मिली पाणी घालून मंद आचेवर ढवळत उकड करा आणि पूर्ण गार होऊ द्या, घाई केलीत आणि गरम उकड घातलीत तर पुढे यीस्ट मरेल.

उरलेली ३६० ग्रॅम कणीक, गार उकड आणि १७० मिली दूध एकत्र करा. दूध उकळून कोमट केलेलं हवं. न तापवलेल्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेनला ढिलं करतात, उकळल्यावर तो प्रश्न राहत नाही, आणि आपल्याकडे दूध तापवलेलंच असतं त्यामुळे यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. नुसतं कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत कालवा, मळू नका, झाकून पाऊण तास ठेवा. मुरू दे.

मग त्यात ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट म्हणजे दोन छोटे चमचे, ३० ग्रॅम साखर किंवा बारीक गूळ पावडर, आणि ७ ग्रॅम मीठ म्हणजे सव्वा छोटा चमचा, असं दोन मोठे चमचे कोमट दुधात कालवून घाला आणि मळायला घ्या. सुरुवातीला हाताला चिकटणारच. वरून कोरडं पीठ अजिबात घालायचं नाही, हा मोह आवरायचा, कारण भुरभुरलेली प्रत्येक मूठ पावातला मऊपणा कमी करते. हात ओला करा नाहीतर तेलाचा करा, पीठ ओट्यावरून उचला, आपटा, दुमडा, परत उचला. दहाएक मिनिटांत ते ओट्यापासून सुटायला लागतं. मग ३५ ग्रॅम मऊ बटर थोडं थोडं घालत मळा. बटर पडलं की पीठ एकदम फाटल्यासारखं, बुळबुळीत दिसतं आणि सगळं बिघडलं असं वाटतं, पण अजून पाच मिनिटं चालू ठेवा, ते परत एकत्र येतं आणि चकचकीत होतं. बटर आधीच का नाही घालायचं तर तूप-तेल पिठाच्या कणांना आधीच माखलं की पाणी नीट पोचत नाही आणि जाळी होत नाही. बटर नको असेल तर तेल चालतं, पाव होतो, फक्त वास वेगळा.

पीठ झालंय का बघायला छोटा गोळा घेऊन बोटांनी पातळ ताणतात. मैद्याचा पारदर्शक पडदा होतो तसा कणकेचा होणार नाही, मधे कोंड्याचे ठिपके दिसतील आणि तो लवकर फाटेल, ते चालतं. जरा ताणला गेला, लगेच तटकन तुटला नाही, की पुरे.

फुगायला किती वेळ? घड्याळ बघू नका

रेसिपीत "एक तास" लिहिलेलं असतं आणि तो तास बहुतेक वेळा आपला नसतोच. मे महिन्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत पीठ पस्तीस-चाळीस मिनिटांत वर येतं, डिसेंबरात नाशिक-पुण्याला दोन तास लागू शकतात, आणि जे लोक कॅनडात किंवा इंग्लंडमधे राहून हे करतायत त्यांनी हिवाळ्यात बंद ओव्हनमधे नुसता दिवा लावून पीठ ठेवावं.

आणि दुप्पट होईपर्यंत थांबायचंही नाही. मैद्याचं पीठ दुप्पट होईपर्यंत ठेवतात, कणकेचं दीडपट-पावणेदोनपट झालं की पुढे जायचं, कारण हिचे पडदे त्यापुढे ताणले तर फाटतात. मग ओव्हनमधे गेल्यावर पाव वर यायच्या ऐवजी मधे खचतो, वर सुरकुत्या पडतात आणि आंबूस वास येतो. उन्हाळ्यात बिघडलेले बरेच पाव यीस्ट कमी पडल्यामुळे नाही तर फुगवणं जास्त झाल्यामुळे बिघडलेले असतात, आणि लोक पुढच्या वेळी यीस्ट अजून वाढवतात.

पीठ वर आलं की हलक्या हाताने वायू काढा, बारा सारखे भाग करा, प्रत्येक साधारण ६५-७० ग्रॅमचा. तेलाचा हात लावून गोळा ओट्यावर ठेवा, तळव्याची वाटी त्यावर धरून गोल फिरवा, म्हणजे वरची कातडी ताणली जाते आणि गोळा उभा राहतो. इथे ढिला गोळा ठेवला तर तो आडवा पसरतो. टिनमधे एकमेकांपासून बोटभर अंतरावर लावा, फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात. लादी म्हणतात ती हीच, आणि तिचा फायदा असा की जिथे पाव पावाला टेकलाय तिथे कवच धरत नाही, बाजू मऊच राहते. सुटे सुटे भाजलेले रोल चारी बाजूंनी कोरडे होतात, म्हणून कणकेच्या पावाला तर लादीच करावी असं माझं मत आहे.

परत झाकून ठेवा. बोटाने हळूच दाबलं आणि खळगा सावकाश अर्धवट भरला की भाजायला तयार. लगेच भरला तर अजून थांबा, अजिबात भरला नाही तर उशीर झालाय, ताबडतोब ओव्हनमधे घाला.

ओव्हन

१८० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, वरखाली दोन्ही कॉइल चालू, टिन मधल्या किंवा त्याखालच्या जाळीवर. वरून दूध लावा, २२ ते २५ मिनिटं. छोट्या ओटीजीत वरची कॉइल अगदी जवळ असते त्यामुळे पंधरा मिनिटांतच वरून लाल होतो आणि आतून कच्चा असतो, तेव्हा वर फॉइल टाकून वेळ पूर्ण करा. तापमान जास्त ठेवून लवकर काढायचा प्रयत्न करू नका आणि "अजून पाच मिनिटं राहू दे" पण करू नका, कारण जास्त भाजला की एवढं जपलेलं पाणी वाफ होऊन जातं. आत ९० अंशांच्या वर गेला की पाव झालेला असतो, थर्मामीटर नसेल तर मधला एक पाव बाजूने जरा उकलून बघा, ओलसर पिठासारखी चमक नको.

काढल्या काढल्या बटर लावा, पाच मिनिटांत टिनमधून जाळीवर काढा नाहीतर तळाला घाम सुटतो, आणि वर सुती कापड टाका. आतली वाफ कापडाखाली अडकून वरचं कवच नरम करते. आणि गरम असताना कापू नका, आतला भाग अजून बसत असतो, चिकट लागेल आणि उगाच वाटेल की कच्चा राहिला.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, तळाशी मीठ आणि जाळी ठेवून, झाकण लावून मंद आचेवर होतो. वरून रंग मात्र येत नाही, मग उलटून तव्यावर जरा भाजून घ्यायचा.

थोडा मैदा घातला तर काय बिघडतं?

काहीच बिघडत नाही. पहिल्यांदा करत असाल तर अर्धा मैदा घ्या, हात बसला की कमी करत जा, फक्त मैदा जितका जास्त तितकं दूध कमी घाला. बाजारात नुसतं गव्हाचं ग्लुटेन पावडर रूपात मिळतं, ४०० ग्रॅमला २० ग्रॅम घातलं तर पाव उंच होतो, पण ते जास्त झालं तर पाव चिवट, रबरासारखा लागतो. मला ते गरजेचं वाटत नाही.

यीस्टऐवजी सोडा, इनो?

चालेल, पण तो पाव होणार नाही. सोडा एकदम वायू सोडतो आणि संपतो, त्याने केकसारखा ठिसूळ पोत येतो, ओढल्यावर धागे सुटणारा पाव यीस्टनेच होतो कारण ते तासन् तास हळूहळू काम करतं. यीस्टला वास येतो ही तक्रार असेल तर यीस्ट अर्धं करा आणि मळलेलं पीठ रात्रभर फ्रिजमधे ठेवा, चव उलट चांगली येते. कणकेचा किंचित कडवटपणा ज्यांना खटकतो त्यांनी दोन-तीन चमचे दुधाऐवजी संत्र्याचा रस घालून बघावा. आणि कडवटपणा फारच असेल तर कणीक जुनी आहे, अंकुरातलं तेल खवट झालंय, ती कणीक पोळीलाही वापरू नका.

मग हा पाव पथ्याचा आहे का?

इथे सावध राहायला हवं. कणकेत १०० ग्रॅममागे साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ३ ग्रॅमच्या आत, म्हणजे फरक मोठा आहे, पोट भरल्यासारखं वाटतं, पोट साफ राहायला मदत होते. शिवाय कोंड्यातलं फायटिक अॅसिड लोह आणि झिंक अडवून धरतं ते पीठ आंबवल्याने काही प्रमाणात कमी होतं. पण रक्तातल्या साखरेवर परिणाम बघितला तर पांढरा ब्रेड आणि बारीक दळलेल्या पूर्ण गव्हाचा ब्रेड यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा, जवळजवळ सारखाच, ७५ च्या आसपास आहे. त्यामुळे मधुमेह असलेल्या माणसाने "कणकेचा आहे" म्हणून चार पाव खाऊ नयेत, एक खावा आणि बरोबर उसळ घ्यावी. आणि ज्यांना सिलिअॅक आजार आहे त्यांना हा पाव पूर्ण वर्ज्य, ग्लुटेन कणकेतही आहेच.

विकतच्या ब्राऊन ब्रेडचं म्हणाल तर रंगावर जाऊ नका, पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच ब्रेड आहे, आणि यादीत आयएनएस १५० (आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थात वरून घातलेल्या घटकांना दिलेला क्रमांक) दिसलं तर तो कॅरॅमलचा रंग. पिठाला ताकद यावी म्हणून पूर्वी वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट तर आपल्याकडे २०१६ मधे बंदच केलंय. घरी आपण ते काम पाण्यावर आणि मुरण्यावर सोपवतो.

खपली, बन्सी, ज्वारी?

लोकवन किंवा शरबती घ्या, दोन्हींचा चांगला होतो. खपलीची चव सुंदर असते पण तिचं ग्लुटेन कमजोर, एकटी घेतली तर लादी पसरते, चौथा हिस्सा घाला. बन्सी रव्याला आणि शेवयांना चांगला, पावाला त्याचं पीठ ताठ पडतं. ज्वारी-नाचणीत ग्लुटेन नाहीच, चव म्हणून दहा टक्क्यांपर्यंत.

आणि गोव्याची पोई विसरू नका. बाहेरून कोंडा लावलेली, आतून पोकळ, पोदेर म्हणजे तिथला पाववाला सायकलवर भोंगा वाजवत आणतो ती. पूर्वी तिचं पीठ माडाच्या सुरेने फुगवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. ती लादीसारखी मऊ नाही, जरा चिवट आहे आणि तशीच असायला हवी. कोंड्याचा पाव आपल्याकडे नवीन नाही हे मात्र तिच्यावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी

पाव फ्रिजमधे ठेवू नका. पाव शिळा होतो तो नुसता वाळल्यामुळे नाही, भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर परत आवळत जातो, आणि फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगाने होतं. दोन दिवसांचे बाहेर डब्यात, बाकीचे पूर्ण गार झाल्यावर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमधे, तिथे ही क्रिया जवळपास थांबते. खायच्या वेळी काढून वर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे आणि झाकण ठेवून तव्यावर गरम करायचे, आवळलेला स्टार्च उष्णतेने परत सैल होतो आणि पाव ताज्यासारखा लागतो. पावसाळ्यात बाहेर दोन दिवसांच्या वर ठेवू नका, यात बुरशी रोखणारं काही घातलेलं नाही. फ्रीजरमधले संपत आलेले शेवटचे दोन-चार मी मधे चिरून बटरवर खरपूस भाजते आणि मिसळीबरोबर घेते, कणकेचा पाव रस्सा भरपूर पितो पण लगेच विरघळत नाही, त्यामुळे मिसळीला मला तो मैद्याच्या पावापेक्षा जास्त आवडतो.